ध्वनिपातळीचे नियोजन : संगणक, कंट्रोलर आणि चिखलदऱ्याची दरी

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे गाविलगडच्या डोंगररांगेतील पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच आहे. तेथील पंचबोल या कड्यावरून दरीत हाक दिली असता समोरच्या डोंगरउतारांवरून तिचे प्रतिध्वनी एकामागून एक परत येतात. हवेचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. म्हणून १७० मीटरांवरील कड्यावर आदळलेला ध्वनी एका सेकंदाने परत ऐकू येतो. प्रवाशाला ही गोष्ट गंमतीची वाटते. परंतु ज्या भूरचनेत एका माणसाचा कंठस्वर इतका दूर जाऊन परत येतो, तेथे विवाहप्रसंगी किंवा सहलीच्या मुक्कामी लावलेल्या ध्वनिक्षेपकांचे काय होत असेल, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही.

अशा प्रसंगी जे ध्वनिसाहित्य वापरले जाते त्याला वऱ्हाडात ‘डीजे’ असे सरसकट म्हणतात. त्याविषयीची तक्रार बहुधा एकाच शब्दात मांडली जाते : आवाज फार मोठा आहे. पण ‘आवाज’ ही एका ठिकाणी ठरणारी राशी नव्हे. गाण्याच्या फाइलीपासून श्रोत्याच्या कानापर्यंत ती अनेक टप्प्यांवर वाढवली वा घटवली जाते. कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय घ्यावयाचा याचा विवेक नसेल, तर आवाज एकाच वेळी कर्कशही होतो आणि अनावश्यक मोठाही होतो.

प्रथम ही साखळी ध्यानात घेतली पाहिजे. लॅपटॉपमधील सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्यासाठी गेनचा नॉब असतो. त्यापुढे मंद्र, मध्य व तार स्वरांचे स्वतंत्र नॉब, त्यानंतर वाहिनीची सरकती कळ म्हणजे फेडर, आणि शेवटी सर्वांची बेरीज नियंत्रित करणारा मास्टर. येथवर ध्वनी केवळ अंकांच्या रूपात असतो. पुढे परिवर्तक या अंकांचे विद्युत्‌दाबात रूपांतर करतो. हा परिवर्तक बहुधा कंट्रोलरच्याच पेटीत बसवलेला असतो. तेथून हा दाब कंट्रोलरच्या निर्गम नॉबमधून विवर्धकात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, आणि तेथून ध्वनिक्षेपकात पोहोचतो.

या साखळीत परिवर्तकाचे स्थान निर्णायक आहे. अंकीय ध्वनीला एक कमाल मर्यादा असते व तिला शून्य डेसिबल मानून बाकीच्या पातळ्या ऋण संख्यांनी दाखवतात. आधुनिक सॉफ्टवेअरच्या अंतर्गत गणितात ही मर्यादा तात्पुरती ओलांडली गेली तरी बहुधा हानी होत नाही. परिवर्तकाला मात्र शून्याच्या वरचा अंक ठाऊक नसतो. मर्यादेबाहेर गेलेले तरंगांचे माथे तेथे सपाट छाटले जातात. छाटलेल्या तरंगात मूळ गाण्यात नसलेल्या उच्च कंप्रता उत्पन्न होतात, आणि कानाला त्या खरखरीच्या रूपाने जाणवतात. एकदा छाटलेला माथा पुढील कोणताही नॉब परत आणून देत नाही. पडद्यावरील दिवा लाल असताना कंट्रोलरचा निर्गम नॉब कमी केला, तर विकृत आवाज केवळ हळू होतो. तो शुद्ध होत नाही.

लाल रेषेच्या जवळ राहण्याची ही सवय पूर्वीच्या तंत्राचा वारसा आहे. चुंबकीय फितीला स्वतःची सळसळ असे. त्यामुळे ध्वनी शक्य तितक्या वरच्या पातळीवर मुद्रित करणे इष्ट ठरे. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे आरंभीचे कार्य ही सळसळ कमी करण्याचेच होते. दक्षिण महाराष्ट्रात मिरवणुकीतील प्रचंड ध्वनिक्षेपकांच्या भिंतीलाच ‘डॉल्बी’ म्हणण्याची रूढी पडली, हा भाषेचा विलक्षण उलटफेर होय. अंकीय तंत्रात मात्र या सवयीचे कारण उरलेले नाही. १६ अंशी ध्वनीचा सैद्धांतिक पल्ला सुमारे ९६ डेसिबल व २४ अंशी ध्वनीचा सुमारे १४४ डेसिबल असतो. त्यातील १२ डेसिबल मोकळे सोडले तरी अनुक्रमे ८४ व १३२ डेसिबल शिल्लक राहतात. प्रत्यक्ष यंत्रे या सैद्धांतिक आकड्यांपर्यंत पोहोचत नाहीत. तरीही उघड्यावरील समारंभातील गोंगाटाच्या मानाने हा पल्ला पुरेसा होतो.

ही मोकळी जागा दोन कारणांसाठी आवश्यक आहे. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना काही काळ दोन्ही एकदम वाजतात. सारख्या पातळीच्या दोन भिन्न गाण्यांच्या बेरजेने सरासरी पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते. त्यांचे ठोके अचूक जुळले तर शिखरपातळी ६ डेसिबलपर्यंत वाढू शकते, आणि ठोके जुळवणे हेच तर या व्यवसायातील कौशल्य आहे. म्हणजे संक्रमण जितके कुशल, तितका माथा छाटला जाण्याचा धोका अधिक. दुसरे कारण गाण्यागाण्यांतील भेद. जुन्या चित्रपटगीतांच्या मुद्रणात हळू व मोठ्या भागांतील अंतर बरेच असते. अलीकडील मुद्रणे सर्वत्र दाबून मोठी केलेली असतात. दोहोंची शिखरे सारखी असली तरी सरासरी पातळीत अनेक डेसिबलांचा फरक पडतो. सॉफ्टवेअरमधील स्वयंचलित गेनची सोय हा फरक मोजून घटवते. ती वापरताना जुने गाणे उचलण्यापेक्षा नवे गाणे खाली आणणे हा मार्ग निर्धोक होय.

आता कंट्रोलरचा विचार करू. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या पेट्यांचे दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात फेडर ध्वनीला स्पर्शच करीत नाही. १९८३ पासून प्रचारात असलेल्या मिडी संकेतपद्धतीने तो केवळ आपले स्थान संगणकाला कळवतो. साध्या मिडी संदेशात ० ते १२७ अशी १२८ स्थाने असतात. खरे मिश्रण सॉफ्टवेअरमध्ये होते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक गाण्याचा ध्वनी स्वतंत्रपणे बाहेर येतो व त्याचे मिश्रण पेटीतील मिक्सरमध्ये होते. दुसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअरमधील फेडर एका निश्चित स्थानी ठेवून सर्व नियंत्रण हातातील फेडरकडे सोपवावे लागते. तसे न केल्यास एकाच ध्वनीवर दोन नियंत्रणे बसतात आणि दोष कोठे आहे हे सापडत नाही.

पहिल्या प्रकारात आणखी एक अडचण येते. पडद्यावरील फेडर तळाशी आणि हातातील फेडर माथ्याजवळ अशी विसंगती असेल, तर हात किंचित हलताच आवाज एकदम वर उसळतो. यावर उपाय म्हणून अनेक सॉफ्टवेअरमध्ये अशी योजना असते, की हातातील फेडर पडद्यावरील स्थानाशी जुळेपर्यंत त्याची हालचाल गणतीतच घ्यावयाची नाही. ती योजना नसेल तर सर्व फेडर तळापर्यंत नेऊन वर आणणे आणि मगच विवर्धक चालू करणे, ही शिस्त पाळावी लागते.

यावरून नियोजनाचा क्रम निष्पन्न होतो. सॉफ्टवेअरमधील मास्टर त्याच्या मूळ खुणेवर ठेवावा. प्रत्येक गाण्याचा गेन असा ठेवावा की मोठ्यात मोठ्या भागातही शिखरे शून्याच्या पुरेशी खाली राहतील. कंट्रोलरचा निर्गम नॉब एका खुणेवर स्थिर करावा. प्रत्यक्ष आवाज किती असावा हा निर्णय सर्वात शेवटी, विवर्धकावर, जागेवर मोजमाप करून घ्यावा. कार्यक्रमाच्या ऐन भरात कोणी ‘अजून वाढवा’ म्हटले असता चालकाचा हात सर्वात जवळच्या नॉबकडे, म्हणजे गेनकडे, जातो. त्याने तरंग छाटला जातो. पूर्णपणे छाटलेल्या चौकोनी तरंगाची सरासरी शक्ती त्याच शिखराच्या साध्या ज्यातरंगाच्या दुप्पट असते, आणि तिचा भार ध्वनिक्षेपकाला सोसावा लागतो. आवाज कर्कश झाल्याने संगीत मात्र भरदार वाटत नाही. मग पुन्हा तीच मागणी येते. बराचसा गोंगाट हा अशा प्रकारे चुकीच्या टप्प्यावर घेतलेल्या निर्णयाचा परिणाम असतो.

हा परिणाम समारंभाच्या मांडवापुरता राहत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते. ध्वनिक्षेपकापासून २ मीटरांवर ९५ डेसिबल पातळी असेल, तर १६ मीटरांवर ७७, १२८ मीटरांवर ५९, आणि १,०२४ मीटरांवर ४१ डेसिबल उरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, आणि शांतता क्षेत्राची अनुक्रमे ५० व ४० आहे. म्हणजे या हिशेबाने एक किलोमीटर दूर गेल्यावरही शांतता क्षेत्राची रात्रीची मर्यादा ओलांडलेलीच राहते. हवेचे शोषण व झाडी यांमुळे पातळी आणखी घटते. परंतु ही घट मुख्यतः उच्च कंप्रतांची असते, आणि ढोलासारखा मंद्र ठोका दूरवर टिकतो. शिवाय निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. अशा वेळी वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो व दिवसापेक्षा दूर ऐकू येतो. चिखलदऱ्याच्या सभोवार मेळघाटचे अरण्य आहे. १९७३-७४ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश होता. तेथील पशुपक्ष्यांपैकी अनेकांचा परस्परसंपर्क आणि भक्ष्याचा शोध ध्वनीवरच अवलंबून असतो.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास नियमांची सर्वसाधारण मनाई आहे. काही सणांसाठी मर्यादित दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर पातळी किती असावी हेही नियमांत सांगितले आहे : क्षेत्राच्या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी ते. निवासी क्षेत्रात दिवसा ही संख्या ६५ येते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की पातळीमापक चालकाच्या टेबलाजवळ ठेवून भागत नाही. तो सीमेवर नेला पाहिजे, आणि तेथील आकड्यावरून विवर्धकाची खूण ठरवली पाहिजे. श्रोत्यांच्या हिताचाही येथे संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनस्थळांसाठी १०० डेसिबल ही सरासरीची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि रोज रात्री सर्वाधिक काळ त्या आवाजाच्या सान्निध्यात राहणारा मनुष्य स्वतः चालकच असतो.

तात्पर्य, शुद्धता संगणकात राखावयाची, सातत्य कंट्रोलरवर साधावयाचे आणि मोठेपणा विवर्धकावर ठरवावयाचा, अशी ही श्रमविभागणी आहे. ती पाळली असता मांडवातील संगीत भरदार राहूनही दरीपलीकडील गावाची झोप मोडणार नाही. पंचबोलच्या दरीचा स्वभाव बदलता येण्यासारखा नाही. तिच्यात काय सोडावयाचे, ते मात्र नॉबवर हात असलेल्या माणसाच्या स्वाधीन आहे.