रात्रपाळी करणाऱ्यांनी कधी जेवावे, कधी झोपावे?

पुणे-नगर रस्त्याने रात्री अकराच्या सुमारास गेलात, तर सणसवाडी, शिक्रापूरपासून कारेगाव, रांजणगावपर्यंत कंपनीच्या बसची वाट पाहणारी माणसे दिसतात. पाठीला बॅग, बॅगेत डबा. त्याच वेळी दौंड जंक्शनवर रेल्वेचे रात्रीच्या ड्युटीचे लोक हजर होत असतात आणि कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत पाळी बदलत असते. गळीत हंगाम असेल तर दोन्ही तालुक्यांतले साखर कारखाने रात्रंदिवस चालू असतात. दवाखान्यातल्या सिस्टर, सोसायटीचे वॉचमन, ढाब्यावरची पोरे आणि वीज रात्रीची आली म्हणून बिबट्याच्या भीतीतही दारे धरायला गेलेला शेतकरी, हे सगळे रात्रपाळीचेच कामगार आहेत. आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल याच पाळीवर पेटते.

‘नाईट केली की पोट सुटते, पित्त होते, चिडचिड वाढते,’ असे सगळेच म्हणतात. कारण मात्र फारसे कोणी सांगत नाही. मग दोष त्या माणसालाच लागतो. फार खातो, दिवसभर लोळतो, आळशी झाला, असे घरचेही बोलतात. आमचे म्हणणे असे की, दोष त्याचा नाही. शरीराची वेळ आणि कामाची वेळ यांचा मेळ बसत नाही, हे खरे दुखणे आहे. तो मेळ पूर्ण बसवता येणार नाही. पण जेवणाची वेळ आणि दिवसाची झोप या दोन गोष्टी सांभाळल्या, तर होणारे नुकसान बरेच कमी करता येते.

शरीरातले घड्याळ

आपल्या मेंदूत एक घड्याळ असते आणि ते उजेडावर चालते. डोळ्यांवर उजेड पडला की ते शरीराला ‘दिवस झाला’ असे कळवते. अंधार पडला की झोप आणणारे मेलाटोनिन वाढते. पहाटे शरीराचे तापमान सर्वात खाली जाते. म्हणूनच तीन ते पाचच्या दरम्यान कितीही हट्ट केला तरी डोळे मिटतात. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, याचा शोध लावणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

असेच घड्याळ यकृत, स्वादुपिंड, आतडी यांनाही असते. रात्री इन्शुलिनचे काम मंदावते. त्यामुळे संध्याकाळी सातला खाल्लेला भात आणि रात्री दोनला खाल्लेला तेवढाच भात यांत फरक पडतो. रात्रीच्या भाताने रक्तातली साखर जास्त वाढते आणि जास्त वेळ वाढलेली राहते.

२०२१ मध्ये अमेरिकेत १९ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांना रात्रपाळीसारखे जागवले. एका गटाला रात्रीही जेवण दिले, दुसऱ्याला फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची म्हणण्यासारखी वाढली नाही. प्रयोग लहान होता, तरी त्यातून मिळणारी दिशा स्पष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचे काम २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. याचा अर्थ नाईट करणाऱ्या प्रत्येकाला आजार होणार असा नाही. पण वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्याने तब्येतीकडे दुर्लक्ष करू नये, एवढा अर्थ नक्की आहे.

ताट कधी आणि कसले?

रात्री बारा ते सकाळी सात अशी पाळी धरू. वेळा कंपनीगणिक बदलतील, पण क्रम तोच ठेवावा.

मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी, संध्याकाळी सात-आठला घरीच करावे. ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, मटकी, हुलगा किंवा चवळीची उसळ, एक पालेभाजी, वाटीभर वरण. मांसाहार करत असाल तर अंडी, मासे किंवा मटण याच जेवणात घ्यावे. महागड्या पावडरच्या डब्यांची गरज नाही. भाकरी आणि कडधान्याने पोट बराच वेळ भरलेले राहते, त्यामुळे मध्यरात्री वडापावची आठवण कमी येते.

कामाच्या मध्ये, एक-दीडच्या सुमारास, थोडेच खावे. मूठभर फुटाणे-शेंगदाणे, एक-दोन उकडलेली अंडी, एखादे केळे किंवा पेरू, ताक. काम अंगमेहनतीचे असेल आणि भूक मोठी लागत असेल, तर एक भाकरी आणि उसळ बांधून न्यावी. कॅन्टीनला दोन वाजता भरलेले ताट मिळत असेल, तर त्यातली डाळ-भाजी पोटभर घ्यावी, भात निम्मा करावा आणि गोड पदार्थ व तळण सोडून द्यावे. कंपनीचे जेवण फुकट आहे म्हणून सगळे संपवलेच पाहिजे असे नाही. तीन ते सहा या वेळेत शक्यतो काही खाऊ नये, पाणी मात्र प्यावे.

सकाळी घरी आल्यावर एकदम उपाशी झोपू नये आणि तुडुंब खाऊनही झोपू नये. वाटीभर उपमा, पोहे किंवा अर्धी भाकरी-भाजी पुरते. गेटबाहेरची तर्रीदार मिसळ रिकाम्या पोटी खाऊन लगेच आडवे झाले, की छातीत जळजळ होणारच. दुपारी उठल्यावर दुसरे नीट जेवण करावे.

चहाचे काय? चहा सोडा असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतो. सकाळी आठला झोपायचे असेल तर शेवटचा चहा रात्री दोनच्या आतच व्हावा. आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेतली, तर पाच कपांत दहा चमचे होतात, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. जाग यावी म्हणून तंबाखू, मिसरी, गुटखा आणि झोप यावी म्हणून सकाळी दारू, ही जोडी सगळ्यात वाईट. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते आणि माणूस थकलेलाच उठतो.

दिवसाची झोप हे पहिले औषध

मोठ्या माणसाला चोवीस तासांत किमान सात तास झोप लागते. कारेगाव, ढोकसांगवी, रांजणगाव भागात एका खोलीत तिघे-चौघे राहतात, प्रत्येकाची पाळी वेगळी. वर पत्रा. उन्हाळ्यात अकरानंतर तो असा तापतो की झोपणे कठीण होते. तिथे ‘आठ तास सलग झोपा’ हा सल्ला देणे सोपे, पाळणे अवघड. म्हणून आम्ही झोपेचे दोन भाग सुचवतो. कामावरून आल्या आल्या ऊन चढण्यापूर्वी चार-पाच तास आणि संध्याकाळी जेवणापूर्वी दीड-दोन तास.

खिडकीला जाड चादर किंवा गोणपाट लावावे, डोळ्यांवर रुमाल बांधावा, मोबाईल बंद किंवा दूर ठेवावा. पत्र्यावर चुना मारला किंवा वर उसाचे पाचट, गवत टाकले तर खोली थोडी तरी थंड राहते. मात्र पाचट पेट घेते, चूल आणि वायरिंग जवळ असेल तर ते टाकू नये. खोलीतल्यांनी मिळून एक नियम करावा. झोपलेल्याच्या वेळेत फोन स्पीकरवर लावायचा नाही.

पाळीत सुट्टीच्या वेळेत वीस मिनिटांची डुलकी मिळाली तर घ्यावी. उठल्यावर पाच-दहा मिनिटे चालून, तोंडावर पाणी मारून मगच मशीनवर हात ठेवावा.

व्यायाम आणि घरचा रस्ता

‘रात्रभर उभाच असतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न बरोबर आहे. पण एका जागी उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे, त्याने पाय आणि कंबर फक्त आखडतात. दुपारी उठल्यावर तीस मिनिटे भरभर चालावे. आठवड्यातून पाच दिवस असे केले तर दीडशे मिनिटे होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना कमीत कमी तेवढेच सांगते. दोन दिवस जोर-बैठका काढाव्यात. पाळी संपल्यावर जिममध्ये घाम गाळू नये, झोप उडते.

सकाळी मोटारसायकलवरून परतणाऱ्यांना मात्र एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सलग सतरा तास जागा असलेला माणूस गाडी चालवताना रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो, असे अभ्यासांत आढळले आहे. आपल्या कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभरही न घेता आपण त्या मर्यादेच्या पुढे असतो. आणि पुणे-नगर, पुणे-सोलापूर हे रस्ते चूक माफ करणारे नाहीत. बस असेल तर बसनेच यावे. झापड आली तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. उशिरा पोहोचलेले चालते.

बाईची रात्रपाळी सकाळीही संपत नाही

सिस्टर, आया, सफाई कामगार आणि आता कारखान्यातल्याही स्त्रिया रात्रपाळी करतात. पुरुष घरी येऊन झोपतो, बाई घरी येऊन डबे करते. तिची झोप तीन-चार तासांवर येते आणि थकवा, ॲनिमिया, पाळीच्या तक्रारी ‘बायकांचे असतेच’ म्हणून बाजूला पडतात. ज्या घरातली बाई नाईट करते, त्या घरात सकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी केला पाहिजे. हा उपकार नव्हे, कामाची वाटणी आहे.

सगळे एकट्याने करायचे नाही

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, तिचे विधेयक त्यांनीच मांडले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, २५० हून जास्त कामगार असतील तेथे कॅन्टीन, १५० हून जास्त असतील तेथे विश्रांतीची व जेवणाची खोली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. आता हे नियम नव्या कामगार संहितांकडे गेले आहेत. आपल्या कंपनीला आज काय लागू आहे, हे युनियनकडे किंवा कामगार कार्यालयात विचारून घ्यावे. ठेकेदाराकडे असलात तरी विचारायला संकोच करू नये.

कॅन्टीनमध्ये रात्री भजी-पावाऐवजी उसळ, अंडी, ताक, फळ ठेवा, अशी मागणी चार जणांनी मिळून केली तर ती ऐकली जाऊ शकते. पाळी दर काही दिवसांनी बदलत असेल, तर ती सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने पुढे सरकावी, असाही आग्रह धरावा. शरीराला उलट्या क्रमापेक्षा ते सोपे जाते.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि वजन तपासावे. शिरूरचे ग्रामीण रुग्णालय, दौंडचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. ईएसआयचे कार्ड असेल तर तिथेही होते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने रात्रपाळी लागताच डॉक्टरांना सांगावे आणि गोळीची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये.

घरच्यांनाही एक विनंती आहे. सकाळी नऊला अंथरुणात दिसणारा तो माणूस आळशी नाही. तुम्ही झोपला होता तेव्हा तो काम करत होता. त्याला उठवून दळण आणायला पाठवू नका. दार हळूच ओढून घ्या.