लेन गाडी बदलते की आपण?

पनवेलजवळच्या कामोठ्यातून पुण्याकडे निघालेल्या गाडीला पहिल्या काही किलोमीटरमध्येच दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे रस्ते लागतात. आधी सायन-पनवेल महामार्ग. इथे दुचाकी आहेत, रिक्षा आहेत, बस थांबवायला हात करत पुढे आलेली माणसं आहेत. शिवाय कळंबोलीच्या लोखंड बाजाराचे आणि जेएनपीटी बंदराकडे जाणारे ट्रेलर आहेत. कळंबोली सर्कल ओलांडून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चढलं की चित्र बदलतं. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा रस्ता, जायला तीन लेन, यायला तीन लेन. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी. मोटारीला सपाटीवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा, घाटात ६० ची.

राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणाने या मार्गावर, अटल सेतूवर आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी देऊ केली. इलेक्ट्रिक गाडीचा विचार करणाऱ्यांना आणखी एक कारण मिळालं. महिंद्राची बीई ६ किंवा एक्सईव्ही ९ई, टाटांची हॅरियर ईव्ही, ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक, अशा गाड्यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये ‘ॲडास’ येतं, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा. तिच्याविषयी शोरूममध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं लेन बदलण्याबद्दल असतं. आणि त्यातलंच बरंचसं चुकीचं असतं.

‘ॲडास आहे, म्हणजे गाडी स्वतः लेन बदलते’

बहुतेक गाड्या बदलत नाहीत. ॲडास या एका नावाखाली निरनिराळी कामं करणाऱ्या सोयी एकत्र विकल्या जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. गाडी नकळत रेघेवर जायला लागली की एक सोय फक्त इशारा देते. दुसरी स्टिअरिंगला हलकासा झटका देऊन गाडी आत आणते. तिसरी गाडीला लेनच्या मधोमध धरून ठेवते. या तिन्ही सोयी लेन न बदलण्यासाठी आहेत. चौथी, आरशातला किंवा आरशाजवळचा दिवा, शेजारच्या लेनमध्ये कुणी आहे एवढंच सांगते. इंडिकेटर दिल्यावर गाडीने स्वतः शेजारच्या लेनमध्ये सरकणं ही पाचवी सोय, आणि ती थोड्याच गाड्यांत असते.

आणि असली, तरी गाडी स्वयंचलित होत नाही. एसएई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ० ते ५ असे टप्पे, म्हणजे ‘लेव्हल’, ठरवले आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ॲडासवाल्या मोटारी जास्तीत जास्त टप्पा २ वर आहेत. टप्पा २ म्हणजे स्टिअरिंग आणि वेग गाडी सांभाळेल, पण रस्त्यावर नजर चालकाची आणि जबाबदारीही त्याचीच. जाहिरातीतलं ‘लेव्हल २ प्लस’ त्या यादीत कुठेही नाही. तो प्लस कंपन्यांनी जोडलेला आहे.

इलेक्ट्रिक असण्याचाही याच्याशी थेट संबंध नाही. महिंद्राच्या पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या एक्सयूव्ही ७०० मध्ये ॲडास २०२१ मध्येच आलं होतं.

‘लेन बदलताना स्टिअरिंग उलटं ओढतं, काहीतरी बिघाड आहे’

बहुतेक वेळा बिघाड नसतो, इंडिकेटर दिलेला नसतो. गाडीला तुमच्या मनातलं कळण्याचा रस्ता एकच, इंडिकेटरची दांडी. ती न हलवता तुम्ही रेघ ओलांडायला लागलात की गाडीच्या हिशेबी तुम्ही भरकटलात. मग ती तुम्हाला परत आत ढकलते. इंडिकेटर दिला की साधारणपणे तीच यंत्रणा बाजूला होते आणि स्टिअरिंग मोकळं सोडते.

आपल्याकडे इंडिकेटर ही मागच्यावर केलेली मेहेरबानी समजली जाते, म्हणून ही तक्रार इतकी ऐकू येते. लोक मग तो पर्यायच बंद करून टाकतात. मोटार वाहन कायद्याच्या चालक-नियमावलीत (२०१७) लेन बदलण्यापूर्वी इशारा देणं बंधनकारक आहे आणि हे नियम मोडल्यास कलम १७७अ खाली ५०० ते १,००० रुपये दंड आहे. गाडीने वर्षानुवर्षांच्या सवयीला विरोध केला, तर त्यात गाडीचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

‘आरशातला दिवा पेटला नाही, म्हणजे बाजू मोकळी’

सगळ्यात महागात पडू शकणारा गैरसमज हाच, त्यामुळे इथे जरा थांबू.

त्या दिव्याला माहिती पुरवणारे रडार मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, आतल्या बाजूला बसवलेले असतात. आरशात न दिसणारा शेजारचा पट्टा ते पाहतात, आणि बऱ्याच गाड्यांत मागून वेगाने येणाऱ्या वाहनाचाही अंदाज घेतात. पण रडारला धातूचा मोठा पत्रा ठळक दिसतो आणि दुचाकी पुसट. सायन-पनवेल महामार्गावर वाशीपासून दोन लेनच्या मधल्या फटीतून घुसत आलेला मोटारसायकलस्वार शेजारच्या लेनमध्येही नसतो आणि तुमच्या लेनमध्येही नसतो. यंत्रणा त्याला पकडतेही, पण कधी उशिरा पकडते. उलट बाजूने, कठड्यालगत येणाऱ्या दुचाकीसाठी तर ती बनवलेलीच नाही.

पावसाळ्यात बंपरवर चिखलाचा थर बसतो. हौसेने जाड स्टिकर किंवा जास्तीचा लोखंडी गार्ड लावला जातो. दोन्हींमुळे रडारची नजर मंदावते. काही गाड्या तसा संदेश देतात, पण तो वाचायला आपण स्क्रीनकडे पाहिलेलं हवं.

आता वेगाचा हिशेब. संयुक्त राष्ट्रांच्या स्टिअरिंगविषयक नियम क्रमांक ७९ मध्ये, आपोआप लेन बदलून देणाऱ्या मोटारीला मागचं किमान ५५ मीटरपर्यंतचं वाहन दिसलं पाहिजे, अशी अट आहे. द्रुतगती मार्गावर तुम्ही ८० च्या वेगाने चालला आहात आणि उजव्या लेनमधून कुणीतरी मर्यादा मोडून १२० ने येतो आहे असं धरा. दोघांतला फरक ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ५५ मीटरचं अंतर पाच सेकंदांत संपतं. त्याच नियमानुसार इंडिकेटर दिल्यापासून किमान तीन सेकंद गाडीने लेन बदलायला सुरुवात करायची नसते आणि पुढचं सरकणं पाच सेकंदांच्या आत संपवायचं असतं. म्हणजे सगळं धरून आठेक सेकंद. पाच आणि आठमधला हा फरक भरून काढतो तो आरसा, आणि त्यात पाहणारा माणूस.

दिवा पेटला तर जाऊ नये, हे खरं. दिवा पेटला नाही म्हणून जावं, हे त्यातून निघत नाही.

‘युरोपात चालतं, मग इथे का नाही?’

युरोपातही वाटेल तिथे चालत नाही. नियम ७९ नुसार आपोआप लेन बदलण्याची सोय अशाच रस्त्यावर वापरायची, जिथे पादचारी आणि सायकलींना बंदी आहे, समोरून येणारी वाहतूक दुभाजकाने वेगळी केली आहे आणि एका दिशेला किमान दोन लेन आहेत. शिवाय लेन बदलण्याची सुरुवात चालकाने स्वतः इंडिकेटर देऊन करायची. ही कसोटी कामोठ्याच्या दारातल्या दोन रस्त्यांना लावून पाहा. सायन-पनवेल महामार्ग रुंद आहे, दुभाजकही आहे, तरी तो नापास होतो, कारण त्यावर माणसं चालतात आणि तो ओलांडतातही. द्रुतगती मार्ग उत्तीर्ण होतो. निदान कागदावर.

त्यामुळे माझं मत सरळ आहे. ही सोय गाडीत असलीच, तर कळंबोलीच्या अलीकडे तिला हात लावू नये. पलीकडेही घाट सुरू झाला की बंद करावी. बोरघाटात वळणं आहेत, आणि चढावर रखडत एकमेकांना ओलांडू पाहणारे ट्रक आहेत.

रेघांचाही प्रश्न आहेच. लेन ओळखणारा कॅमेरा पुढच्या काचेमागे, आतल्या आरशाजवळ असतो आणि तो रंगवलेल्या रेघांवर चालतो. जुलैच्या पावसात रेघ पाण्याखाली जाते, कामाच्या ठिकाणी जुन्या आणि नव्या रेघा एकाच वेळी दिसतात, ओल्या काँक्रीटवर सांध्यात भरलेला डांबराचा पट्टाही चमकतो. रेघ हरवली की यंत्रणा गुपचूप माघार घेते. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरचं हिरवं चिन्ह करडं होतं, एवढीच काय ती सूचना.

‘पुढचा थांबला तर गाडी आपोआप थांबेलच’

पुढच्या गाडीमागे ठरावीक अंतर राखून चालणारा क्रूझ कंट्रोल आपल्याच लेनमधल्या पुढच्या वाहनाकडे पाहतो. तुमच्यापुढची मोटार अचानक लेन बदलून निघून गेली आणि तिच्यापुढे बंद पडलेला ट्रेलर उभा असला, तर यंत्रणेला तो ट्रेलर त्या क्षणी पहिल्यांदा दिसतो. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. उभ्या वाहनाच्या बाबतीत अशा वेगाला ही यंत्रणा कमी पडू शकते, हे गाड्यांच्या माहितीपुस्तिकांतच लिहिलेलं असतं. युरो एनकॅप ही चाचणी-संस्थासुद्धा असा प्रसंग मुद्दाम घडवून तपासते. द्रुतगती मार्गावर बिघडलेला ट्रक ही नवलाई नाही, हे तिथून नेहमी जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

‘इलेक्ट्रिक गाडीला वेग पटकन येतो, लेन बदलणं सोपं’

अर्धं खरं. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून जोर देते, त्यामुळे लेनमध्ये शिरून वेग जुळवणं सोपं जातं. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही. एका पेडलवर चालवण्याच्या मोडमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी मंदावते, कारण मोटर उलट काम करून बॅटरी भरू लागते. उजव्या लेनमध्ये शिरून जरा बिचकलात, पाय उचललात, की मागच्याच्या समोर तुम्ही जणू ब्रेकच मारला. मंदावणं सेकंदाला १.३ मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त असेल, तर ब्रेकचे दिवे लागलेच पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याहून कमी असेल, तर लागतीलच असं नाही. डिझेल गाडीवरून नुकतेच इलेक्ट्रिककडे आलेल्यांनी महामार्गावर हा मोड सौम्य ठेवावा.

‘फाइव्ह स्टार गाडी आहे’

असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या पहिल्या नियमांत तारे मिळतात ते मुख्यतः धडकेत आतल्या मोठ्यांना आणि मुलांना किती संरक्षण मिळतं यावर. गाडी लेन किती नीट बदलते, याचे त्यात गुण नाहीत.

‘आपल्या रस्त्यांवर हे सगळं निरुपयोगी, बंदच करावं’

हाही गैरसमजच, फक्त दुसऱ्या टोकाचा. पाचही सोयी एकाच बटणावर नसतात. स्टिअरिंगला हात घालणारी सोय गर्दीत त्रास देत असेल, तर तेवढीच बंद करता येते. आरशातला दिवा आणि आपोआप लागणारा ब्रेक चालू ठेवायला काहीच हरकत नाही. ट्रेलरच्या रांगेशेजारून जाताना तो दिवा खरंच उपयोगी पडतो.

आणि अपघात झालाच, तर गाडीच्या नावाने गुन्हा दाखल होत नाही. चालकाच्या नावाने होतो. स्टिअरिंगवर पाण्याची बाटली लटकवून, हात आहेत का हे पाहणाऱ्या सेन्सरला फसवणाऱ्या व्हिडिओवाल्यांच्याही नावाने.

गाडी घ्यायला निघाला असाल, तर टेस्ट ड्राइव्ह शोरूममागच्या रिकाम्या रस्त्यावर आटोपू नका. संध्याकाळी सहाच्या गर्दीत सायन-पनवेल महामार्गावर चक्कर मागा. गाडी उभी असताना विक्रेत्याला विचारा, यातली नेमकी कोणती सोय या व्हेरिएंटमध्ये आहे, ती किती वेगापासून चालू होते आणि वेगळी बंद कशी करायची. त्याला सांगता आलं नाही, तर माहितीपुस्तिका मागून तिथेच बसून वाचा.