जुन्या ज्यूकबॉक्सचा आवाज

नाणे टाकून बटण दाबले की हवी ती तबकडी वाजविणारी पेटी म्हणजे ज्यूकबॉक्स. अमेरिकेतल्या वुर्लिट्झर कंपनीची १९४६ सालची '१०१५' ही पेटी फार गाजली. तीत २४ तबकड्या असत. मुंबईच्या काही इराणी हॉटेलांतही पुढे असे ज्यूकबॉक्स आले. आज एखादा हौशी गृहस्थ अशी पेटी अडगळीतून बाहेर काढतो आणि पहिले काय करतो? "वाजतेय का बघू," म्हणून प्लग लावतो! नेमके हेच करू नये.

का, ते सांगतो. सुईकडून येणारा विजेचा संदेश अगदी दुबळा. ॲम्प्लिफायरमधले व्हाल्व्ह तो पायरीपायरीने वाढवितात. दोन पायऱ्यांमध्ये एक कंडेन्सर असतो. तो तबल्याच्या पुडीसारखा समजा. थाप पलीकडे पोचते, हवा जात नाही. तसेच आवाजाचे कंप पुढे जातात, पण आधीच्या व्हाल्व्हवरचा शे-दोनशे व्होल्टचा दाब अडून राहतो. हे जुने कंडेन्सर मेणकागदाचे. इतक्या वर्षांत कागद ओल धरतो, दाब झिरपू लागतो आणि शेवटच्या व्हाल्व्हच्या जाळीवर चढतो. ही जाळी म्हणजे पाटाचे दार. ते सताड उघडे राहिले, की व्हाल्व्हमधला पत्रा लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर स्वस्तात मिळतो हो. तसला ट्रान्सफॉर्मर शोधताना जोडे झिजतात.

म्हणून कागदी कंडेन्सर आधीच बदलावेत. वीजपुरवठ्याचे मोठे कंडेन्सरही सुकलेले असतात. घूं-घूं आवाज येतो तो बहुधा त्यांच्यामुळे. पण सांभाळा! प्लग काढल्यावरही त्यांत तीन-चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. रेझिस्टर लावून ते रिते करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. शिक्षकांनी मुलांना हे काम पाहू द्यावे, करू देऊ नये.

अमेरिकन पेटी ११७ व्होल्टच्या आसपासची. आपल्या २३० व्होल्टांसाठी दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर हवाच. पहिल्या खेपेला विजेच्या वाटेत साठ ते शंभर वॅटचा जुन्या धर्तीचा, तारेचा बल्ब ओळीने जोडा. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर लगेच प्लग काढा, आत कुठेतरी शॉर्ट आहे. ठीक असेल तर शेवटच्या व्हाल्व्हची जाळी मीटरने तपासा. तिथे धन दाब दिसता कामा नये. तो नसला, की बल्ब काढा, पुन्हा एकदा जाळी तपासा, आणि मग खुशाल तबकडी लावा.