काकांची सायकल आणि माझं लेक्चर

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, राहिल्या असतील तर त्या माझ्या!

मराठी विभागासाठी विषय शोधत होते. ‘कामावर सायकलने जा’ हा विषय एकदम सोप्पा वाटला. प्रदूषण, पेट्रोल, व्यायाम, तीन परिच्छेद झाले की लेख तयार. वर्कशॉपमधले काका गेली वीसेक वर्षं कोपरगावातून सायकलवर येतात. येताना पाच किलोमीटर, जाताना पाच. त्यांना मोठ्या उत्साहाने सगळे मुद्दे ऐकवले. लेथ पुसता पुसता त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, तुम्ही चालवता का?”

संपलं लेक्चर!

मी चालवत नव्हते. गावात दोन मुलींना संध्याकाळी गणित शिकवायला जाते, पण स्कूटीवर. म्हणजे माझंही ‘कामावर जाणं’ रोज पाच अधिक पाच किलोमीटरच. मग एका मैत्रिणीची सायकल पंधरा दिवसांसाठी मागून घेतली.

पहिल्या दिवशी पोहोचेपर्यंत मांड्या भरून आल्या. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखायला लागले. काकांनी सायकलकडे एकदा पाहिलं, पुढच्या चाकावर अंगठा दाबला आणि म्हणाले, “ह्याच्यात हवाच नाय. अन् सीट पोरासोरांची.” टायरमध्ये हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात रबर जास्त दबतं आणि पुन्हा फुगतं. त्या दबण्या-फुगण्यात आपली ताकद उष्णता होऊन जाते. (हिस्टेरिसिस! परीक्षेत लिहिलं होतं, पायाला आत्ता कळलं.) किती हवा भरायची ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं, कुणी वाचत नाही एवढंच. सीटचं गणित त्याहून सोपं आहे. टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. आपण दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतो आणि मग गुडघ्यांना दोष देतो.

हे दोन बदल केल्यावर खरंच जमायला लागलं. मग आमच्यातला इंजिनिअर जागा झाला! माणूस आणि सायकल मिळून ८८ किलो धरा, वेग ताशी १५ किलोमीटर, सपाट रस्ता, वारा नाही. टायरच्या घर्षणाला साधारण ३० वॅट लागतात, हवेच्या विरोधाला २५. एकूण झाले ५५ वॅट. जुन्या पिवळ्या बल्बइतकेसुद्धा नाहीत! चालताना प्रत्येक पावलाला आपण स्वतःचं वजन थोडं उचलतो आणि सोडतो, सायकलवर ते काम सीट करते. म्हणून तेवढंच अंतर चालण्यापेक्षा सायकलने जायला चौथा-पाचवा हिस्सा शक्ती पुरते. पण समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा लागला की हेच ५५ वॅट १२५ च्या पुढे जातात. जुलैमधला पश्चिमेचा वारा ज्यांनी तोंडावर घेतलाय त्यांना हे आकडे सांगायची गरज नाही. त्या दिवशी अर्धा तास आधी निघायचं, दुसरा उपाय नाही.

पैशांचंही सांगते. रोज १० किलोमीटर, वर्षाला २५० दिवस, म्हणजे २,५०० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देते असं धरलं तर ५० लिटर पेट्रोल, आजच्या भावाने पाच हजारांच्या वर. आणि धुरातून सुमारे ११५ किलो कार्बन डायऑक्साइड. काकांना हे सांगितलं तर हसले. त्यांच्या भाच्याचा प्रश्न वेगळाच असतो : “मामा, अजून सायकलच?”

खरी अडचण इथे आहे, असं मला वाटतं. एकेकाळी सायकल म्हणजे थाट होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हा ती सामान्य माणसाच्या खिशात बसणारी वस्तू नव्हती. नांगर आणि पंप नंतरचे, किर्लोस्करांची सुरुवात सायकलपासून झाली हे मला तर माहीतच नव्हतं. पुढे सायकल इतकी घरोघरी आली की नगरपालिका तिच्यावर कर घ्यायच्या आणि बिल्ला द्यायच्या. पुणं तर सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं. मग १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली (या कंपनीचा कारखाना आपल्या नगरलाच), स्कूटर आल्या, बाइक आल्या. लूनाला पेडल होते, म्हणजे सायकल जाता जाता आपली खूण ठेवून गेली! बाकी सायकल उरली ती ज्याला परवडत नाही त्याची. ॲटलसने साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० ला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता.

पुण्याने परत प्रयत्न केला. डिसेंबर २०१७ मध्ये औंध आणि विद्यापीठात मोबाइलवरून भाड्याने घ्यायच्या सायकली आल्या. पाठोपाठ इतर कंपन्या आल्या. सुरुवातीला लोक तुटून पडले. नंतर सायकली चोरीला गेल्या, मोडल्या, आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. माझ्या मते नुसती सायकल पुरवून माणूस ऑफिसला सायकलने जात नाही. नेदरलँड्सचं उदाहरण सगळे देतात, पण तिथेही हे आपोआप झालेलं नाही. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेच्या वर मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, आणि मग हळूहळू सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले.

आपल्याकडे वेगळा रस्ता होईल तेव्हा होईल. मला सातव्या दिवशी जे झालं ते सांगते. डिसेंबर, संध्याकाळचे साडेसहा, अंधार. गळीत हंगाम सुरू, मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतोय, टेप दणक्यात चालू. समोरून जीपचा लाइट डोळ्यांवर. मला साइडपट्टीवर उतरायचं होतं, पण डांबर आणि मातीत वीतभर पायरी. पडले. फक्त कोपर खरचटलं. हॉस्टेलवर येऊन अर्धा तास मी कुणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं तेव्हा कळलं, मागच्या हंगामात त्यांना मोटारसायकलने मागून उडवलं होतं. खांदा निखळला, दीड महिना घरी होते. आम्हाला वाटलं होतं, गावी गेले असतील. कुणी विचारलंच नव्हतं. मुलगा म्हणतो आता गाडी घ्या, काकू रोज संध्याकाळी दारात उभ्या असतात.

बाइक ताशी ६० ने येत असेल, तर ब्रेक दाबेपर्यंतच २५ मीटर जातात आणि थांबायला आणखी २८. म्हणजे ५३ मीटर. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस त्याच्या निम्म्या अंतरावर जेमतेम दिसतो. त्यामुळे ‘तो मध्ये आला’ असं बाइकवाला म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. रिफ्लेक्टरमध्ये काटकोनात बसवलेले बारीक बारीक कोन असतात. उजेड कुठूनही आला तरी त्यांच्यातून तीनदा परतून जिथून आला तिथेच, म्हणजे चालवणाऱ्याच्या डोळ्याकडे परत जातो. त्यामुळे शंभर मीटरवरूनही तो चमकतो. किंमत म्हणाल तर कॅन्टीनमधल्या दोन चहांची.

आम्ही सहा जणांनी वर्गणी काढली, रिफ्लेक्टरची टेप आणली आणि शनिवारी दुपारी वर्कशॉपच्या मागे बसलो. स्टाफच्या अकरा सायकली निघाल्या. एरवी त्या लिंबाच्या झाडाला टेकवलेल्या असतात, कारण शेडमध्ये आमच्या गाड्या असतात. माझी स्कूटीसुद्धा. मडगार्ड, पेडल, चाकाच्या तारा, सगळीकडे पट्ट्या लावल्या. मेसच्या एका मावशींनी स्वतःच्या टिफिनच्या पिशवीलाही लावून घेतली!

अंधार पडल्यावर काका टॉर्च घेऊन गेटपर्यंत चालत गेले. तिथून त्यांनी उजेड मारला.

“दिसतंय,” ते ओरडले.

मग परत आले, माझ्या सायकलच्या मागच्या चाकावर अंगठा दाबला आणि म्हणाले, “ताई, हवा कमीय. बाभळीचा काटा गेलाय बघा.”