नैरोबीत नोकरी मिळाली, कुटुंबाला न्यायचं का? होकार देण्याआधी या गोष्टी तपासा

मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास. घड्याळात फरक अडीच तासांचा. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं. केनियाची राजधानी नैरोबी कागदावर तरी फार लांबची वाटत नाही.

त्यामुळे तिथल्या नोकरीची ऑफर आली की घरात पहिली चर्चा होते ती पगाराची आणि सुरक्षिततेची. पण जोडीदार आणि मुलं सोबत जाणार असतील, तर त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ही नोकरी मध्येच गेली, तर बाकीच्यांचं काय?

परमिट एकाचं, घर सगळ्यांचं

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून 'ईटीए' ही ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली. पण ती फिरायला किंवा छोट्या कामासाठी जाणाऱ्यांसाठी आहे. पगारी नोकरी करायची तर वर्क परमिट लागतं. नोकरदारांसाठीच्या परमिटला 'क्लास डी' म्हणतात.

हे परमिट सहज मिळत नाही. या जागेसाठी केनियन माणूस का मिळाला नाही आणि पुढे हे काम शिकून घेणारा स्थानिक कर्मचारी कोण, हे कंपनीला सांगावं लागतं. प्रक्रियेला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. म्हणूनच परमिट हातात येण्याआधी इथलं घर सोडणं किंवा मुलांचे शाळेचे दाखले काढणं धोक्याचं ठरू शकतं.

जोडीदाराला आणि मुलांना 'डिपेंडंट पास' मिळतो. हा पास मुख्य परमिटवर अवलंबून असतो आणि परमिट त्या विशिष्ट कंपनीशी बांधलेलं असतं. म्हणजे नोकरी गेली की सगळ्या घराच्या वास्तव्याचा प्रश्न एकाच वेळी उभा राहतो.

डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नाही, हे अनेक जोडप्यांच्या उशिरा लक्षात येतं. पुण्यात बायको किंवा नवरा नोकरी करत असेल, तर तो पगार थांबणार हे धरूनच हिशेब मांडायला हवा. तिथे काम करायचं तर स्वतःचं वेगळं परमिट लागतं.

कागदपत्रांचीही आधीच तयारी हवी. विवाह नोंदणीचं किंवा मुलांच्या जन्माचं प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल, तर इंग्रजी प्रत किंवा अधिकृत भाषांतर करून घ्यावं लागतं.

मुलांची शाळा कधी सुरू होते?

आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात. केनियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तर ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या आंतरराष्ट्रीय शाळांचं सहसा सप्टेंबरमध्ये. त्यामुळे एप्रिलमध्ये परीक्षा देऊन गेलेलं मूल काही महिने घरी बसू शकतं, किंवा थेट चालू वर्गात मध्येच दाखल होतं.

ब्रिटिश पद्धतीत वर्ग प्रामुख्याने वयावरून ठरतो. त्यामुळे मूल तिथे कोणत्या वर्गात बसणार, हे शाळेकडून लेखी घेतलेलं बरं.

सर्वात जास्त विचार करावा लागतो तो आठवी ते बारावीच्या मुलांबाबत. भारतात बोर्डाची नोंदणी नववी आणि अकरावीत होते. दहावी किंवा बारावीत थेट प्रवेश मिळणं अवघड असतं. दोन वर्षांचा करार संपवून परत यायचं असेल, तर परतीच्या वेळी मूल कोणत्या इयत्तेत असेल हे आजच मोजून पाहायला हवं.

आंतरराष्ट्रीय शाळांची फी घरखर्चातला सर्वात मोठा आकडा ठरू शकते. कंपनी ती देणार का, किती मुलांची आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, हे प्रश्न पगाराच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

लस कुणाला आणि का?

केनिया पिवळ्या तापाच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या पट्ट्यात येतो. तिथून भारतात परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. ही लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं.

नऊ महिन्यांपेक्षा लहान बाळांना ही लस सहसा देत नाहीत. साठीपुढच्या लोकांमध्ये तिच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका जास्त असतो. त्यामुळे नातवंडांना भेटायला आजी-आजोबा येणार असतील, तर तिकिटाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मलेरियाचं काय? नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर असल्याने शहरात धोका कमी आहे. पण सुट्टीत मोम्बासाच्या किनाऱ्याला किंवा व्हिक्टोरिया सरोवराकडे जाताना प्रतिबंधक औषधांबद्दल विचारून घ्यावं. उंचीमुळेच जून ते ऑगस्टमध्ये सकाळी पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. विषुववृत्ताजवळचं शहर म्हणून स्वेटर घरी ठेवून जाऊ नये.

घर, पाणी आणि पैसा

पार्कलँड्स, वेस्टलँड्स हे भागं भारतीय वस्तीसाठी जुने आहेत. डाळी, पिठं, मसाले तिथे सहज मिळतात. घर पाहताना भाड्याआधी पाण्याचं विचारावं. शहरात पाणी ठरावीक दिवशी येतं आणि अनेक इमारती बोअरवेल किंवा टँकरवर चालतात. नैरोबीच्या भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आढळतं. लहान मुलं असतील तर पिण्याच्या पाण्याची वेगळी सोय हवी.

रोजचे व्यवहार २००७ साली सुरू झालेल्या 'एम-पेसा' या मोबाइल सेवेवर चालतात. भाजीवाल्यापासून घरभाड्यापर्यंत सगळं फोनवरून.

पगाराचा आकडा मात्र हातात येणारा विचारावा. केनियात आयकराचा वरचा दर ३५ टक्के आहे. त्याशिवाय आरोग्य निधीसाठी २.७५ टक्के आणि गृहनिर्माण निधीसाठी १.५ टक्के कपात होते. भारतातलं बचत खातंही 'एनआरओ' करून घ्यावं लागतं.

सामान बांधताना एक लक्षात ठेवा. ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. भाजणी आणि मसाले डब्यात किंवा कापडी पिशवीत न्यावेत.

शहर आपलंसं होतं का?

२०१३ मधला वेस्टगेट मॉलवरचा दहशतवादी हल्ला आणि जून २०२४ मधली करविरोधी आंदोलनं या शहराने पाहिली आहेत. बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबं पहारेकरी असलेल्या संकुलात राहतात. रात्री पायी फिरणं टाळलं जातं. इथे एकटी खेळायला जाणारी मुलं तिथे गाडीनेच ये-जा करतात, हा बदल त्यांना जाणवतो.

दुसरीकडे, भारतीय इथे नवखे नाहीत. स्वातंत्र्यलढ्यातले पत्रकार पिओ गामा पिंटो हे नैरोबीत जन्मलेले गोवेकर होते. २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. भाषेतही ओळखीचे शब्द भेटतात. स्वाहिलीत पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा' आणि दुकानाला 'दुका' म्हणतात.

ऑफर लेटरमध्ये काय लिहून घ्यायचं?

• सगळ्या कुटुंबाच्या परमिट आणि पासचा खर्च कोण करणार
• शाळेची फी किती आणि किती वर्षं
• जोडीदार आणि मुलांसह आरोग्य विमा
• वर्षातून एकदा सगळ्यांचं भारताचं तिकीट
• नोकरी मध्येच संपली, तर नोटीस किती दिवसांची आणि परतीचा खर्च कुणाचा

शेवटचा मुद्दा विचारायला अनेकांना संकोच वाटतो. पण सगळ्या घराचं वास्तव्य एका परमिटवर टिकून असताना, सही करण्याआधी आवर्जून विचारावा असा प्रश्न हाच आहे.