तिसरा उन्हाळा काढलेले झाड

जुलैमध्ये लावलेले रोप पोळ्यापर्यंत हिरवे दिसले की ते लागले, असे आपण धरून चालतो. धनजच्या बरड जमिनीवर हा समज टिकत नाही. तिथे रोपाचा पहिला निकाल पुढच्या मे महिन्यात लागतो आणि खरा निकाल तिसऱ्या मे महिन्यात. त्या दोन-तीन उन्हाळ्यांत कोवळ्या झाडाच्या आत काय घडते, हे समजून घेतले तर आपल्या लागवडी का जळतात आणि कशा वाचवता येतील, हे दोन्ही कळते.

धनज बुद्रुक हे वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्याचे गाव. सारा मुलूख दख्खनच्या काळ्या पाषाणावरचा. सखल वावरांत भारी काळी माती, चढावर मुरमाड बरड. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बाकीचे आठ महिने झाडाने मातीतल्या ओलीवर काढायचे. काळी माती पाणी पुष्कळ साठवते, पण चिकणपणामुळे ते घट्ट धरूनही ठेवते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तेव्हा रोपाची तंतुमुळे तटातटा तुटतात. बरडावर भेगा नाहीत, पण पाण्याची साठवणही नाही.

पाण्याचा धागा तुटतो तेव्हा

मुळांतले पाणी शेंड्यापर्यंत चढते कसे, याचा उलगडा 1894 मध्ये डिक्सन आणि जोली या आयरिश शास्त्रज्ञांनी मांडला. पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ बाहेर पडते आणि तिच्या ओढीने लाकडातल्या नळ्यांमधला पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. माती कोरडी होत गेली की ही ओढ वाढते. ती हाताबाहेर गेली तर नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि धागा तुटतो. अशा बऱ्याच नळ्या निकामी झाल्या की नंतर कितीही पाणी घाला, शेंडा वाळतो.

हे टाळायचे तर झाडाला रंध्रे मिटावी लागतात. पण त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, म्हणजे पाणी वाचवायचे तर अन्न बनवणे थांबवावे लागते. मोठ्या झाडाकडे खोल मुळे असतात, खोडात साखर-पिष्टाचा साठा असतो. वर्षाच्या रोपाकडे यातले काहीच पुरेसे नसते. शिवाय नुकत्याच लावलेल्या रोपाची मुळे पिशवीतल्या मातीबाहेर पोचलेली नसतात. आजूबाजूला ओल असूनही ते तहानलेले राहते.

या विषयावर विशेष बारकाईने अभ्यास झाला तो सूचिपर्णी झाडांचा. त्यांच्या लाकडात रुंद वाहिन्या नसतात, फक्त अरुंद नळ्या असतात. पाइनसारख्या अनेक जातींत दोन नळ्यांमधल्या खळगीत एक नाजूक पडदा असतो. एका नळीत हवा शिरली की हा पडदा सरकून शेजारच्या नळीचे तोंड बंद करतो. तरीही सगळे सूचिपर्णी एका वाटेने जात नाहीत. पाइन लवकर रंध्रे मिटतो आणि साठ्यावर दिवस काढतो. जुनिपर रंध्रे उशिरापर्यंत उघडी ठेवतो, कारण त्याचे लाकूड अधिक ओढ सोसते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात 2002-03 च्या दुष्काळात पिन्यॉन पाइन मोठ्या प्रमाणावर मेले. त्यांच्याच शेजारचे जुनिपर बव्हंशी तगले. विदर्भात शाळेच्या फाटकाशी आणि अंगणात लावतात ती मोरपंखी याच जुनिपरच्या कुळातली.

पुढे 2012 मध्ये जगभरच्या 81 ठिकाणांवरील 226 वृक्षजातींची आकडेवारी एकत्र तपासली गेली. त्यांपैकी सुमारे 70 टक्के जाती धोक्याच्या रेषेच्या अगदी जवळ जगतात, असे तीत आढळले. ओल्या प्रदेशातली झाडे आणि कोरड्या प्रदेशातली झाडे, दोघांची शिल्लक सारखीच तुटपुंजी. आपल्याकडचा साग कोरड्या हवेला सरावलेला आहे म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठीच.

सागजडीचा धडा

धनजच्या परिसरात पाइन नाही, साग आहे. साग दुष्काळाला वेगळ्या रीतीने तोंड देतो. ओल संपत आली की तो पाने गाळतो आणि खर्चच थांबवतो. मध्य भारतातल्या कोरड्या जंगलांत बियांपासून उगवलेल्या अनेक झाडांची कोवळी रोपे याहून पुढे जातात. उन्हाळ्यात त्यांचा वरचा कोंब वाळून जातो, मूळ मात्र जमिनीत जिवंत राहून जाड होत जाते. पावसाळ्यात नवा कोंब येतो, पुन्हा वाळतो. असे काही वर्षे चालते आणि मूळ पुरेसे खोल गेले की एका पावसाळ्यात जोमदार कोंब सुटतो. अमेरिकेतल्या लाँगलीफ पाइनचे रोपही पहिली काही वर्षे गवताच्या झुपक्यासारखे जमिनीलगत बसून राहते आणि तेवढ्या काळात सोटमूळ खाली उतरवते. इतक्या दूरच्या दोन कुळांनी काढलेला तोडगा सारखाच आहे: आधी मूळ, मग शेंडा.

वनखात्याच्या माणसांनी हे ओळखले होते. लागवडीसाठी ते वापरतात ती सागजडी हातात घेऊन पाहावी. साधारण वर्षभराच्या रोपाचे पेन्सिल-अंगठ्याएवढे जाड मूळ, वीतभर लांब कापलेले. बाजूची सगळी तंतुमुळे छाटलेली. वर जेमतेम बोटाच्या पेराएवढे खोड, पान एकही नाही. सुकी काटकी म्हणून कोणी फेकून द्यावी असे तिचे रूप. पण पान नाही म्हणून पाण्याचा खर्च नाही, आणि जाड मुळात अन्नाचा साठा भरपूर. पावसाच्या तोंडाशी सब्बलीने भोक पाडून ती उतरवायची आणि माती घट्ट दाबायची, म्हणजे मुळाभोवती पोकळी राहत नाही. नव्या मुळांसाठी तिला अख्खा पावसाळा मिळतो.

उंच, पानांनी भरलेले, पिशवीच्या तळाशी मुळांचे वेटोळे झालेले रोप फोटोत छान दिसते. उन्हाळ्यात मात्र आधी तेच जाते. त्याची पाने पाणी मागतात आणि मुळे गोल फिरत राहतात.

संत्र्याची बाग आणि ताण

या भागातल्या संत्रा बागायतदाराला पाण्याचा ताण नवा नाही. मृग बहरासाठी तो एप्रिल-मे महिन्यांत बागेचे पाणी तोडतो, जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना ते दोन महिने. सौम्य ताणात झाडाची वाढ आधी थांबते, अन्न बनणे नंतर मंदावते. म्हणून साखर फांद्यांत साचते आणि पहिल्या पावसासरशी फुले फुटतात. हे शास्त्र बागायतदाराने पिढ्यान्‌पिढ्या हाताळले आहे. पण ते जाणत्या झाडासाठी आहे. पहिल्या चार-पाच वर्षांच्या कलमाला असा ताण दिला तर त्याला फुलाऐवजी सल येते, फांद्या टोकाकडून वाळत खाली येतात.

उलट, घाबरून बुंध्याशी पाणी तुंबवले तर भारी जमिनीत डिंक्या रोग होतो. त्यासाठीच दुहेरी आळ्याची शिफारस आहे: आतले आळे कोरडे, पाणी बाहेरच्या आळ्यात. मुळे पाण्याच्या शोधात बाहेर आणि खाली जातात. आळ्यात सोयाबीनचे कुटार अंथरले की ओल टिकते, माती तापत नाही आणि भेगाही कमी पडतात.

मोजणी कधी करायची

राज्यात 2017 ते 2019 या तीन पावसाळ्यांसाठी 4, 13 आणि 33 कोटी, असे मिळून 50 कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य होते. आकडा लावलेल्या रोपांचा होता. पण पाऊस लक्ष्य पाहून पडत नाही. ऑगस्ट 2023 हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या जुलैत लावलेल्या रोपांना मुळे धरण्याच्या दिवसांतच पाणी तुटले. असे खंड पुढेही पडणार, हे धरूनच लागवड करायला हवी.

प्रत्येक मोकळी जागा झाडांसाठीच आहे, असेही नाही. याच तालुक्यात काळविटांसाठी 2000 मध्ये घोषित झालेले कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. तिथले गवत हीच तिथली संपत्ती. जिथे झाड लावायचे तिथे मात्र रोपाभोवतीचे गवत काढावेच लागते, कारण वरच्या थरातली ओल ते रोपाआधी पिऊन टाकते.

ग्रामपंचायती, शाळा आणि धुऱ्यावर साग लावणारे शेतकरी यांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. रोप निवडताना उंची पाहू नका, मूळ पाहा. लागवड पहिल्या चांगल्या पावसातच उरका. पहिले दोन उन्हाळे थोडे-थोडे रोज पाणी शिंपण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी खोलवर द्या आणि आळ्यात कुटार घाला. शंभर रोपे लावून विसरण्यापेक्षा दहा लावून सांभाळा. लागवडीच्या फलकावर लावलेल्या रोपांच्या संख्येखाली एक ओळ रिकामी सोडा आणि तिसऱ्या मे महिन्यात जिवंत असलेल्या झाडांचा आकडा तिथे लिहा. गावाने किती झाडे वाढवली, ते त्या आकड्यावरूनच ठरेल.