रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार?

या पानावर मी एरवी पिकांविषयी लिहितो. आज घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी लिहीत आहे. शेतीखात्याच्या माणसाने यात का पडावे, असे तुम्ही म्हणाल. त्याचे कारण आधी सांगतो.

२०१६ च्या पावसाळ्यात माझ्या आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी हातात दिली आणि "सेवा करा" एवढे सांगितले. सेवेत आम्ही काही कमी केले नाही. भावजय वेळेवर ताजे अन्न भरवी, रोज अंग पुसून धुतलेले लुगडे नेसवी. मी नोकरीच्या गावाहून दर शनिवारी जात होतो. तरी तिसऱ्या आठवड्यात आईच्या माकडहाडाशी रुपयाएवढी जखम दिसली, आणि पुढच्या शनिवारपर्यंत ती चांगलीच खोल गेली. मलमपट्टी करायला आलेल्या सिस्टरने एकच विचारले, "रात्री कूस कोण बदलतं?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. दिवसा भावजय बदलत होती. रात्रीचे कोणी ठरवलेच नव्हते. गावोगाव शेतकऱ्यांना नोंदवही ठेवा म्हणून सांगत फिरणारा मी, पण आईच्या उशाशी साधा कागदसुद्धा लावलेला नव्हता.

आमच्या घरात माया भरपूर होती. काम मात्र नेमून दिलेले नव्हते.

अंथरुणाची जखम कशी होते ते समजून घ्या. एकाच जागी पडून राहिल्याने हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तेथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू ह्या तिच्या जागा. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. पूर्ण आडव्या कुशीवर ठेवू नये. पाठीशी उशी देऊन थोडे कलते ठेवावे आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये घडी केलेली गोधडी द्यावी. पोटरीखाली उशी दिली म्हणजे टाच अधांतरी राहते.

आपल्याकडे आजारी माणसाला बाजेवर ठेवण्याची रीत आहे. सैल पडलेल्या बाजेत कंबर खोल जाते आणि सगळा भार माकडहाडावर येतो. त्यापेक्षा फळ्यांचा पलंग आणि वर कापसाची गादी बरी. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण ती आणली म्हणून कूस बदलण्यातून सुटका होत नाही. टायरची ट्यूब किंवा कपड्याची चुंबळ खाली देऊ नका. आम्हीही ट्यूब दिली होती. मधली जागा मोकळी राहते खरी, पण कडेची कातडी अधिक दाबली जाऊन नुकसानच होते.

रोज अंग पुसताना या जागा उजेडात पाहाव्यात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तो भाग भोवतालच्यापेक्षा काळसर, ऊन किंवा टणक लागला तर तीच सुरुवात समजावी. तेथे चोळू नये, त्या बाजूवर भार देऊ नये. उघडी जखम झालीच तर हळद, राख, पावडर यांपैकी काही न भरता सिस्टरला दाखवावी.

वळवताना किंवा वर सरकवताना पोते ओढतो तसे ओढू नये. कातडी सोलली जाते आणि ओढणाऱ्याची कंबर धरते ती वेगळीच. अंगाखाली दुहेरी चादर आडवी घालून दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलावे. लुळ्या हाताला धरून तर कधीच उठवू नये, खांदा निखळतो. त्या बाजूला गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. चटका बसला तरी माणसाला कळत नाही.

आता रात्रीचे. दहा, बारा, दोन, चार अशा चार पाळ्या होतात. एकटी सून त्या किती दिवस करील? आमच्या भावाचे म्हणणे, पुरुषमाणसाला हे जमत नाही. मी म्हटले, रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात तू दोन वाजता उठून मोटर चालू करायला जातोसच ना? मग दोन आणि चार त्याच्याकडे आले. पलंगाशेजारी खिळ्याला वही टांगली. वेळ, कूस डावी की उजवी, काय खाल्ले, लघवी-शौच, दिलेले औषध आणि करणाऱ्याची सही, एवढेच रकाने. पुढे ती जखम भरायला चार महिने लागले, पण दुसरी झाली नाही.

औषधांविषयी मला जरा रागानेच लिहावे लागेल. पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली टाकायचे, हे शेतकरी मला दहादा विचारून घेतो. तोच आईची गोळी "ती पांढरी, सकाळची" म्हणून देतो. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, नाव आणि वेळ वहीत उतरवा आणि देण्याचे काम एकाकडेच सोपवा. एका घरी देवळीत खोकल्याचे औषध आणि कीटकनाशक शेजारी-शेजारी पाहिले. त्याहून वाईट म्हणजे कीटकनाशकाचे मापाचे टोपण धुऊन खोकल्याचे औषध मोजायला वापरत होते! कीटकनाशक राहत्या घराबाहेर कुलपात ठेवावे, थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नये. फवारणी करून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय आजारी माणसाला हात लावू नये.

भरवताना टेकून ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली, लहान चमच्याने, घाई न करता. अर्धांगात एका गालात घास साचून राहतो, तो बोटाला फडके गुंडाळून काढावा. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला बाधा होते.

हल्ली खेड्यातही पगारी बाई ठेवतात. ठेवा, पण तिचे तास, पगार आणि आठवड्याची सुट्टी आधी ठरवा. तिलाच शेण काढायला आणि खुरपायला पाठवाल तर ती रुग्णाकडे केव्हा पाहणार? पहिले दोन दिवस शेजारी उभे राहून तिच्याकडून सगळे करवून घ्या. इंजेक्शन देणे, लघवीची नळी बदलणे ही तिची कामे नव्हेत. नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली टांगलेली, पण जमिनीला न टेकलेली असावी, आणि नळीला पीळ पडू देऊ नये.

हे सारे कोण शिकवील? उपकेंद्राच्या सिस्टरला आणि आशाताईला घरी बोलवा. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन पाहणे आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवणे हे उपकेंद्राच्या कामात धरलेले आहे. त्या आल्या की वही त्यांच्यापुढे ठेवा.

जखमेला घाण वास येऊ लागला, भोवती काळे पडले, ताप भरला, लघवी बंद झाली किंवा माणूस एकाएकी गुंगीत गेले, तर उद्यावर ढकलू नका. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका आहे. निघताना वही आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या, आणि ज्याने रात्रीच्या पाळ्या केल्या त्यालाच गाडीत बसवा. डॉक्टर जे विचारतील ते त्यालाच सांगता येते.